महिनाभर काही नाही

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून?
रासाला तारीख आठवेना.
दूध उतू गेलेलं कळतं,
आटलेलं कुणाला कळतं?

खाली क्लायपेडाच्या बंदरात बोट लागत होती,
खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

उदासीवरची गोळी जरा कमी केली,
कोरडेपणावर मलम लिहून दिलं,
मग म्हणाल्या, महिनाभर काही करायचं नाही.
नुसता हात ठेवायचा.
नवऱ्यालाही सांगा.

वीतेनिस ऐकून कानांपर्यंत लाल झाला
आणि उगाचच भांडी घासायला लागला.

अकराव्या रात्री
त्याचा गोदीतला खरखरीत हात तिच्या पोटरीवर,
जड,
काही न मागणारा.
इतकी वर्षं ती झोपेचं सोंग घ्यायची,
आज घ्यायचं राहून गेलं.

“काढू हात?”
“नको.”

महिना संपायला अजून एकोणीस दिवस.