परत बोलावणं

सोर्वात राजवाडा आहे अजून,
त्यात आता जाळी वाळवतात.
राज्य चालतं ते आमच्या दोरखान्याच्या जेवणघरातून,
किटली पुन्हा चुलीवर चढवून,
बाकं भिंतीला लावून.

मी इतिवृत्त लिहिते. हात डांबराचा,
त्यामुळे दर पानाच्या कोपऱ्यात
एक अंगठा उमटलेला, सही असो नसो.

लोकशाही फार सावकाश असते, कुणी सांगत नाही हे.
एका तावदानाचं घोंगडं तीन संध्याकाळी भिजत पडलं:
उघडं ठेवलं तर थंडीने ताग ताठरतो,
मिटलं तर धुळीने यार्मोचा खोकला.
शेवटी यार्मोची जागा बदलली.
तो म्हणाला, हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं,
कुणी विचारलंच नाही.
लिहून घेतलं तेही.

मग इल्वेताचा विषय.
राजधानीच्या परिषदेवर आम्हीच पाठवलेली,
अकरा नंबरच्या पिळयंत्रावरची इल्वेता,
माझ्या पाठची.
तिथे तिने रात्रपाळीच्या बाजूने हात वर केला.
आम्ही सांगितलं होतं: विरोधात.
म्हणाली, तिथे बंदराचे लोक होते, खाणीचे होते,
त्यांनीही आपापली थंडी सांगितली,
इथून दिसतं तेवढंच जग नसतं.

खरं होतं ते.
तरी यार्मोने ठराव मांडला.
अनुमोदन कुणी देईना.
खोलीत बोलत होती फक्त किटली.

मी लेखणी खाली ठेवली
आणि अनुमोदन दिलं.
मग लेखणी उचलून
स्वतःचं नाव लिहिलं; नीट वळेना.

बेचाळीस विरुद्ध सतरा.
इल्वेताने बिल्ला काढून टेबलावर ठेवला,
विचारलं, उद्या पहाटेची पाळी ना?

पहाटे ती अकरा नंबरवर होती.
हाताची सवय मोडलेली, दोर दोनदा तुटला.
कुणी हसलं नाही. मदतीलाही कुणी गेलं नाही,
तिला ते नको होतं, सगळ्यांना ठाऊक.
जेवणाच्या भोंग्याला मी माझा
खारवलेला मासा अर्धा केला.
तिने काट्याची बाजू घेतली, लहानपणीसारखी.
"सतरांत कोण कोण होतं?"
म्हटलं, मतांचे फक्त हात मोजतात.
नावानिशी लिहायचे ते सूचक, अनुमोदक.
"हो," ती म्हणाली, "वाचलं मी."

गुरुवारी नवा प्रतिनिधी निवडायचाय.
पेटीत माझ्या नावाची एकच चिठ्ठी निघाली,
सूचकाची जागा कोरी.
पण शेवटच्या अक्षराची शेपटी
पार कागदाबाहेर ओढलेली.
आम्हा दोघींनाच ती खोड आहे,
आणि मी काही लिहिली नव्हती.