एकतारी

इन्स्पेक्टर प्रॉसरनं काडेपेटीतून काडी काढली,
पेटवली नाही.
खचलेल्या, तेलकट एका झाकणाला
तिनंच भोक पाडलं,
आत जरा ढवळलं
आणि हळू, अगदी हळू, वर ओढली.

तार आली.
तपकिरी, बोटाच्या पेराएवढी,
तुटता तुटेना.

माझ्या तोंडून मराठीतच निघालं, एकतारी.
जन्मभर हीच तार बघत आले
अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये,
रव्याच्या लाडवांचा गॅस बंद करायची खूण.
ही पण खूणच,
फक्त पाकाच्या जागी अळी होती,
आठवड्यापूर्वी पांढरी, गुटगुटीत,
दायांनी भरवून, मेणाचं दार लावून निजवलेली.

वास सुताराच्या सरसाचा.
उत्तमालाही आपण सरसच म्हणतो.
हे त्या क्षणी कशाला आठवावं!

"पेट्या कुठून आणल्या?"
प्रॉसरनं वहीतून मान वर न काढता विचारलं.
कुंपणापलीकडं एमलिन बेव्हन, वय एक्याऐंशी,
वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होते.
मी रिटायर होऊन लडलोजवळच्या या खेड्यात आले
तेव्हा त्यांनीच दिल्या होत्या
कोठारातून काढून, कोळिष्टकं झटकून,
धाकट्या भावाच्या, आयव्हरच्या पेट्या.
आयव्हर पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात गेला.
त्याच हिवाळ्यात त्याच्या माश्याही गेल्या,
गाव म्हणालं, मालकाच्या दुःखानं.

मी सांगितलं. नाव, घर, सगळं.

"चाळीस वर्षं निजतं हे बी," प्रॉसर म्हणाला,
"लाकडाच्या फटीत. थंडीनं मरत नाही."
मी पेट्या पुसून घेतल्या होत्या.
नुसत्या पुसून.
बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी,
एका खाटेवरून दुसरीकडं हात न धुता गेले नाही,
आणि प्रेमानं दिलेलं लाकूड
ब्लोटॉर्चनं भाजून घ्यायला लाजले.

मग नोटीस लागली.
इथलं काही बाहेर नाही, बाहेरचं आत नाही,
सहा आठवडे.
सुतक, म्हटलं मी.
प्रॉसरनं स्पेलिंग विचारलं नाही, सही घेतली.

मारायचं ते अंधार पडल्यावर.
शेवटची माशी घरी येऊ द्यायची,
नाहीतर ती शेजारच्या पोळ्यात शिरते, रोग घेऊन.
जूनमध्ये इथला उजेड दहापर्यंत हटत नाही,
त्यात काटेरी ब्लॅकबेरी फुललेली.
त्या येतच राहिल्या,
मांड्यांना परागाचे गोळे,
आजाऱ्यांच्या घरी डबा पोचवावा तशा.
मी घड्याळ बघत उभी.
कुणाची इतकी वाट
इतक्या वाईट कामासाठी पाहिली नव्हती.

खड्डा एमलिननी खणला.
दुपारी त्यांच्या दारात उभी राहून मी बोलले होते,
चपला न काढता, आत न जाता.
बराच वेळ ते काठीचं टोक तासत राहिले.
"म्हणजे आयव्हरच्या दुःखानं नाही मेल्या त्या,"
एवढंच म्हणाले
आणि फावडं शोधायला गेले.

दार बोळ्यानं बंद. वरून पेट्रोल.
गुणगुण एकदम चढली,
मग नव्हती.
चौकटी, मेण, मध, सगळं खड्ड्यात,
ज्वाळा निळी, कडेनं उकळणारी,
आणि लाडवांच्या दिवसांसारखा वास अंगणभर,
तो मला अजून माफ करता येत नाही.

आता उरलेल्या तीन पेट्या.
प्रत्येकीला आपापली पटाशी, आपापले हातमोजे,
मध्ये सोड्याची बादली. माझी आई याला सोवळं म्हणायची,
मी हसायचे.
दर वसंतात माश्या झटकून
चौकट उन्हाकडं धरते, घर न घर बघते,
एप्रनच्या खिशात काडेपेटी.
जुनी काळी पोळी वितळवते, हळहळत नाही.
थोडी हळहळते.

काल एमलिन कुंपणाशी आले.
कोठारात आयव्हरच्या आणखी दोन आहेत म्हणाले,
माळ्यावर, मागं, इतके दिवस बोललो नाही.
भाजून घ्यायच्या, की सरळ जाळायच्या?

सरळ जाळू, म्हटलं.
मग दोघंही तिथंच उभे राहिलो,
काडेपेटी माझ्याच खिशात असून.