खांदेपालट

सावद्याला, खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
माझं टेबल आहे. तोंड टेकायला एका टोकाशी भोक असलेलं.
लोक आधी वाकून त्या भोकातून बघतात,
खाली काही आहे का.

सिकंदर तडवी आला तेव्हा जिन्यानेच मला सांगितलं:
एक पाऊल जड, एक हलकं, मध्ये थांबणं.
शर्ट काढला तर उजव्या खांद्यावर
घट्ट्याची गादी, बाभळीच्या सालीसारखी काळी,
आणि कणा
डावीकडे कलत गेलेला.

"किती वर्षं?"
"मिसरूड नव्हतं तव्हापासून."
दिवसाला किती घड, ते त्याला सांगता येईना.
गाडी भरेपर्यंत, म्हणाला.
गाडी कधी एक, कधी तीन.

केळीला कणा नसतो.
सोपटावर सोपट गुंडाळून उभी असते बिचारी.
घड भरला की बांबूचा टेकू देतात तिला,
नाहीतर शेजारणीला दोरीने बांधतात.
हे या गावात चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे.
वाहणाऱ्याला टेकू कुणी द्यायचा
ते बागवानाच्या वहीत नाही,
गाडीवाल्याच्याही नाही.

एक्स-रे खिडकीला धरून पाहिला होता.
तरी बोटं चालवत गेले मानेपासून खाली.
मणका म्हणजे मणीच की,
ओवताना कुणीतरी घाई केलेली.
सातव्यापाशी तो आखडला.
बाराव्यापाशी दगड झाला.
"सोडा," म्हटलं.
"काय सोडू?"
"श्वास."
"तो तं मी घरी गेल्यावर सोडतो."

मग कड. आणि पुन्हा एकदा, बारीक.
"बसलं हाड?" भोकातून प्रश्न.
हो म्हणता आलं असतं.
तापीपलीकडच्या एकाने तेच सांगून दोनशे घेतले होते त्याचे.
म्हटलं, हाड कुठे गेलंच नव्हतं, काका.
सांध्यातली हवा ती. बोटं मोडल्यावर वाजते, तीच.
आखडलेलं थोडं सैल होईल.
वाकलेलं सरळ होईलच असं नाही.

तो बराच वेळ गप्प.
"म्हणजे इतकी वर्षं मी हवा वाहत होतो?"

मग मी सांगितलं जे आम्हाला सांगायला शिकवतात:
खांदा बदलत जा. एक घड उजव्यावर, एक डाव्यावर.
तो हसला तेव्हा टेबलाचे पाय करकरले.
"खांदा जनाज्यात बदलतात, डाक्टरीन बाई.
आन् खांदेपालट मुंबईले, मंत्र्यांची."

तेल पुसून झालं होतं.
माझा तळवा त्याच्या पाठीवर राहिला होता,
काही करत नव्हता, नुसता होता.
उठा, म्हटलं.
तो उठेना. वाटलं डोळा लागला.
"राहू द्या जरा," खालून आवाज आला.
"घडाशिवाय तिथं काही टेकलंच नही
लई दिवसांत."

दुकानात पोटॅशची पोती उतरत होती,
प्रत्येक पोत्याला जमीन थोडी हलायची.
बाहेर बाकावर पुढचा पेशंट खोकला.
मी घड्याळ पाहिलं.
मग पाहिलं नाही.

आठवड्याने फैजपूर रस्त्याला गाडी भरत होती.
स्कूटर हळू केली.
पाठमोऱ्या माणसांत तो मला सापडेच ना,
मी उजवे खांदे शोधत होते.

डाव्यावर घड, चाल पार बिघडलेली,
पहिल्या दिवशी कामाला लागलेल्या पोरासारखी,
आणि फळीवरचा माणूस वरून ओरडत होता,
"अरे सिकंदर, याड लागलं का तुले?"