शनिवारचा वाघ

वसमतला मोंढ्याच्या मागं आमची शाळा.
हळदीच्या हंगामात फळा पुसला
तरी डस्टरमधून पिवळं उडतं.

शनिवारचा शेवटचा तास रिकामा होता.
डाखोरे सर म्हणाले, भूगोल तसाही संपलाय तुमचा,
घ्या काहीतरी कलाबिला.
मग तांदळाची पोती सरकवून खोली झाडली,
दारावर खडूनं लिहिलं : गोष्टींची खोली.
खाली मुंजाजीनं भर घातली :
चपला बाहेर, खोटं आत.

रंगपेटी एकच. पिवळा पहिल्याच महिन्यात संपला.
पोरं हसली. सर, वसमतात पिवळा संपतो व्हय?
पुढच्या शनिवारी अकरा पुड्या आल्या,
रद्दी पेपरात दोऱ्यानं बांधलेल्या.
काळा निघाला तव्याच्या बुडातून.
निळा काही कुणाला सापडला नाही,
म्हणून आमच्या चित्रांत अजूनही आभाळ नसतं.

मला गोष्ट सांगता येत नाही.
माझं काम एवढंच : 'मग?' म्हणायचं,
आणि घंटा ऐकू न आल्यासारखं करायचं.

निकिता खंदारे, सहावी ब.
चार शनिवार तिचा वाघ चालत होता.
आसना ओलांडून आला, मोंढ्यात शिरला,
हमालांनी वाट दिली,
काट्यावर चढून त्यानं वजन करून घेतलं,
दोन क्विंटल सात किलो,
आणि भाव न विचारताच उतरला.
गल्लीत तिसऱ्या दाराशी थांबला.
दारात एक पोरगी भांडी घासायली होती.
वाघ तिला म्हणाला,

आणि घंटा झाली.
तेवढ्या एका दिवशी मी ती ऐकली.
पगारपत्रकाचं काम होतं.

सोमवारी तिचा बाप दाखला न्यायला आला.
नांदेडला वेल्डिंगचं काम लागलं होतं.

शनिवारी सगळे वाघाभोवती बसले.
भूक लागलीय म्हणाला असंल, मुंजाजी बोलला.
शोएब म्हणाला, रस्ता विचारला.
तहूरा म्हणाली, उनो बोल्या, मेरेकू पहचानी क्या?
ह्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.
मी हात वर करायला सांगणार होतो,
तेवढ्यात कोपऱ्यातला बारका, ज्याचं नाव मी अजून
हजेरीत बघून घेतो, म्हणाला,
ते तिचं वाक्य हाय. आपण नाही घ्यायचं.

मग भिंतीवर वाघ काढला. हळदीचा, काजळीच्या पट्ट्यांचा.
तोंड मिटलेलं.
हळद उन्हाला टिकत नाही. खिडकी पश्चिमेची.
आठ दिवसांत वाघ फिका व्हायचा,
आणि शनिवारी कुणीतरी पुडी आणायचं.
केंद्रप्रमुख आले, फलनिष्पत्तीचा रकाना मागितला.
मी लिहिलं : एक वाघ, प्रलंबित.
कुलूप लावताना गौसमामा रोज विचारायचे,
गुरुजी, आत हाय का भाईर?

महालक्ष्म्यांना निकिता मावशीकडं आली,
एक दिवस शाळेतही आली.
उंच झालेली. केसांना नवी क्लिप.
खोली गप्प. आता सांग, पोरं म्हणाली.
वाघ काय म्हणाला?

तिनं आमच्याकडं पाहिलं,
परक्या घरी पाणी नको म्हणावं तशी हसली.
कोणता वाघ?

गणपतीच्या सुट्ट्यांत दोन शनिवार बुडाले होते.
भिंतीवर नुसत्या पट्ट्या उरल्या होत्या,
मधलं सगळं अंग उन्हानं नेलेलं.

मला वाटलं, आता कुणीतरी रडणार.
बहुतेक मीच.

तहूरानं दप्तरातून पुडी काढली,
दोरा दातानं तोडला,
आणि हळद निकिताच्या ओंजळीत ओतली.

घंटा झाली असावी.
गौसमामा किल्ल्या घेऊन दारात उभे होते,
आणि काहीच विचारत नव्हते.