आठवा हिस्सा

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, हलव्याच्या दुकानामागे
घर मोजायला गेलो होतो. कोर्टाचं काम.
कागदावर एकशे ब्याण्णव चौरस मीटर,
तीन मुलगे, एक मुलगी,
आणि मयताची बायको.
तिचं नाव हिस्सा.
चूक नको म्हणून मी दोनदा विचारलं.
इकडे मुलींचं ठेवतात हे नाव, ती म्हणाली,
बाजारात शिकलेल्या हिंदीत.

थोरला बाहेर गाडीत, एसी चालू ठेवून.
मधला दारात उभा, मला खजूर देणारा,
घ्या, घ्या, आमच्याच झाडाचे.
धाकट्याने वकील पाठवला होता,
वकिलाने कारकून.
मुलीचा फोन मात्र दर पंधरा मिनिटांनी
ओट्यावर थरथरायचा.

आमचं यंत्र मुठीएवढं.
लाल ठिपका भिंतीवर जातो, परत येतो,
आकडा सांगतो. टेप धरायला दुसरा माणूस लागत नाही.
मजलिस पाच पूर्णांक चार.
बोळ एक पूर्णांक एक.
स्वयंपाकघरात ती मधोमध, चहा गाळत.
ठिपका तिच्या पाठीवर पडला
आणि खोली एक मीटर ऐंशी भरली.
अम्मा, जरा बाजूला व्हा, मी म्हटलं.
ती झाली.
खोली तीन मीटर वीस झाली.

हिशेब करताना मी मराठीत पुटपुटलो,
आठवा हिस्सा...
तिने नाव ऐकून वर पाहिलं.
काय?

चोवीस मीटर, मी म्हटलं. तुमचे.
कुठले चोवीस?
आता हे कसं सांगायचं.
ते कुठलेच नसतात,
घर विकल्यावर पैशातून निघतात.
तिने नातवाचा निळा खडू आणून दिला.
काढून दाखव.

काढला. स्वयंपाकघर, लागून थोडा बोळ,
बोरीखालचं अंगण,
ती निजते त्या खोलीचा एक कोपरा.
चपला काढून ती रेघेच्या आत गेली,
चालली, वळली, पुन्हा चालली,
बोरीपाशी थांबून एक बोर उचललं,
ते रेघेबाहेरचं होतं, परत ठेवलं.
मग म्हणाली,
ह्यात दार नाही आलं.
मी घरात शिरू कुठून?

मधल्याने खजुराची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

आमच्याकडे सातबाऱ्यावर
इतर हक्क असा एक रकाना असतो.
त्यात माझी आई आहे,
विहिरीच्या पाण्याच्या पाळीखाली.
गेल्या महिन्यात भावाचा मेसेज आला होता,
हक्कसोड करून घेतोय, आईला मागची पडवी देऊ,
तुझं काही म्हणणं?
मी जेवत होतो. एका हाताने
पिवळा अंगठा पाठवला.
तिचा शाईचा
त्याच दिवशी घेतला म्हणे.

निघताना खडू परत दिला.
फडकं नको, ती म्हणाली, राहू दे.

रात्री अहवाल भरला. मजलिस, बोळ, जिना, न्हाणी.
स्वयंपाकघर एक मीटर ऐंशीच ठेवलं.
साहेब उद्या विचारतील, हे कमी कसं?
मध्ये काही होतं का?
होतं म्हणेन.