फ्रिजचं दार उघडं ठेवून

वेंगुर्ल्यात केळुसकरांच्या दुकानातला फ्रिज
शेजारच्या गॅरेजपेक्षा मोठ्यानं घरघरतो.
मी दार उघडते आणि उघडंच ठेवते.

वरच्या फळीवर अस्वलाचं चित्र असलेले कप, गुलाबी.
आत स्ट्रॉबेरी किती, ते मुंगीएवढ्या अक्षरांत.
कपाळावरचा चष्मा खाली ओढते :
साखर बारा ग्रॅम. म्हणजे सपाट तीन चमचे.
इरावतीला हेच हवं असतं. तिला अस्वल हवं असतं,
दह्याशी तिचं काही देणंघेणं नाही.

खाली साधं दही, मातीच्या रंगाच्या
प्लॅस्टिकच्या मडक्यात.
त्याला खेटून जिऱ्याचं ताक, नवऱ्यासाठी.
तो दातांनी पिशवीचा कोपरा तोडतो, स्कूटरवरच पितो
आणि रिकामी पिशवी खिशात ठेवतो,
एवढं एक त्याचं चांगलं.

हे सगळं रात्री आंबोली उतरून येतं.
आमच्याकडे दूध निघतं ते नारळातून.
टेम्पोत, वळणावळणावर,
ताक पुन्हा एकदा घुसळून निघत असेल.

"दार लाय गो बाय, थंडाय भायर जाता,"
सुगंधाकाकी गल्ल्यावरून म्हणते, आणि लगेच,
"आज बुधवार. काय हाडलंस?"
बांगडे.
म्हणजे दही पाचनंतर.
हा हिशेब कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो.

राहिले मामंजी.
नवी कवळी, हिरड्या हुळहुळतात,
आंबट त्यांना चालत नाही, गोड डॉक्टरांना.
बोलत काही नाहीत, वाटी सरकवतात.
त्यांच्यासाठी साधं घ्यायचं, त्यात केळं कुस्करायचं,
असं मी महिनाभर करत होते.

परवा मागल्या दारी गेले
तर पायरीवर दोघं पाठमोरी.
इरावतीच्या मांडीवर त्यांची वाटी,
केळं बाजूला काढून ठेवलेलं, कावळ्यासाठी,
आणि दह्यात लोणच्याचा खार कालवून
ती बोटं चाटत होती.
मामंजी, कवळी खिशात,
अस्वलाचा तळ चमच्यानं खरवडत होते.
खर्र, खर्र. किती वेळ.
मी आल्या पावली परतले.
साखरेचं डॉक्टरांना मी सांगितलेलं नाही.
सांगेन.

"दोन अस्वलं द्या काकी," मी म्हणते,
"नको, एकच. आणि साधं, मोठं मडकं."
दार हातानं लागत नाही,
त्याला कमरेनं ढकलावं लागतं.