पट्टा शेवटपर्यंत ओढायचा

रुस्तावीच्या बाजारात पोचलो
तेव्हा कुत्री अजून बॉनेटांवर झोपलेली होती.
गोचानं यादी चारदा उघडली, चारदा घडी घातली.
जोर चारही चाकांना हवा.
मागं तिघं बसायला हवीत, त्यांच्यामागं एक पिंप.
सात हजारांवर एक डॉलर नाही.

ते सात हजार आईचे.
बारी शहरात ती एका परक्या म्हातारीची कूस बदलते
आणि फोनवर मला विचारते, रस्ता झाला का गं?
नाही झाला, आई.
नोव्हेंबरात तो वरच्या वळणापर्यंत येतो
आणि मार्चपर्यंत तिथंच बसून राहतो, बर्फाखाली.
गेल्या जानेवारीत लिझिकोला ताप चढला,
बिदझिनाच्या ट्रॉलीत गवताखाली झाकून तिला ओनीला नेलं.
यादी त्या रात्री सुरू झाली.

पांढरी पहिल्या रांगेत होती.
अमेरिकेतल्या एका मास्तरीणबाईंची, विकणारा म्हणाला,
शाळा ते चर्च, चर्च ते शाळा.
आत व्हॅनिलाचा वास, एक नाही, तीन सुगंधी झाडं टांगलेली.
सहा हजार आठशे.
गोचाचे हात स्टिअरिंगवर, डोळे केव्हाच घाटात.

माझा मामा झुरा चाळीस वर्षं बस चालवायचा.
म्हणायचा, बॉनेट उघडू नकोस, तिथं सगळेच धुतात.
पट्टा ओढ. शेवटपर्यंत ओढ.
मी मागच्या सीटचा ओढला.
हातभर स्वच्छ, अजून हातभर स्वच्छ,
मग गुंडाळीतून कधीच बाहेर न आलेला शेवटचा तुकडा
आणि त्यावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ.
इथवर पाणी होतं.
लहान मुलाच्या छातीइतकं.
सतरंजीखाली एक रंगीत खडू, फुगून फुटलेला.

वाळलंय की आता, गोचा म्हणाला.
विकणाऱ्याला तेवढ्यात फोन आला.
मी त्या खडूवाल्या मुलीचा विचार करत राहिले.
ती बाहेर पडली असणार.
कुणीतरी तिला छपरावर चढवलंच असणार.
गोचा म्हणाला, मुलगीच कशावरून?
मी काही बोलले नाही.

हिरवी बाराव्या रांगेत, डावं दार चेपलेलं.
मालक त्सोत्ने, बाकुरियानीचा गुरांचा डॉक्टर,
गाडीला आयोडिनचा आणि गोठ्याचा वास.
तेल पिते, तो म्हणाला. मागचा हीटर मेलाय.
धुराड्यातला महागडा भाग आधीच्या मालकानं कापून विकलाय.
दोष स्वतःहून सांगणारा माणूस त्या बाजारात एकच,
त्यामुळं माझा संशय जास्तच वाढला.
टायरांच्या खाचांत मी नाणं घालून पाहिलं.
चारही सारखे झिजलेले.
असं घर मी अजून पाहिलेलं नाही.

मग स्टिअरिंग पूर्ण वळवून गोचानं सावकाश गोल फेऱ्या मारल्या
आणि मी मधोमध उभी, कान देऊन,
घोडेबाजारात खुरांचा आवाज ऐकावा तशी.
टकटक नाही. फक्त एक बारीक कुरकुर.
सीट आहे, गोचा म्हणाला.
सीट नाही, मी म्हणाले.
आम्ही दोघं त्सोत्नेकडे पाहिलं.
त्यानं खांदे उडवले. मलाही सापडली नाही, म्हणाला, सहा वर्षं.

सात हजार तीनशे.
दोनशे त्यानं सोडले.
उरलेले शंभर डिसेंबरात,
आमच्या धुरावर लटकलेल्या डुकराच्या एका मांडीच्या रूपात.
मोठी मांडी, तो म्हणाला. मागची.

कुतैसीच्या अलीकडे आईचा फोन.
मैल नाही विचारले, तेल नाही.
रंग कुठला?
हिरवा.
कसला हिरवा?
मी काचेतून बाहेर पाहिलं. बाहेरही नेमका तसला काही नव्हता.

पट्टे मी पाचही ओढले होते, आई.
चार शेवटपर्यंत स्वच्छ.
पाचवा अर्ध्यात अडकतो, मागच्या सीटवर, मधला.
तो तुझा.
गोचा म्हणतो, होईल दुरुस्त,
तू यायच्या आत होईल.
कुरकुर चालूच आहे.